दिव्याच्या तिसऱ्या वायरची गोष्ट

मुंबईत विजेचा दिवा पहिल्यांदा लागला तो १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटात. त्याच वर्षी लंडनमध्ये विजेच्या अभियंत्यांच्या संस्थेनं दिव्यांसाठी नियम छापले. त्या नियमांच्या शीर्षकातच आगीचा धोका होता. माणसाला बसणाऱ्या झटक्याचा विचार अगदी शेवटच्या कलमांत यायचा. वीज आली ती आगीची धास्ती घेऊन, आणि घरातल्या दिव्याच्या वायरिंगवर त्या धास्तीची छाप पुढं कित्येक वर्षं राहिली. गिरगाव-परळच्या चाळींमध्ये शिडी खांद्यावर टाकून ज्याची उमर गेली, अशा माझ्यासारख्या वायरमनला ती छाप जागोजाग दिसते.

१९०५ साली वाडीबंदरला वीजघर सुरू झालं. वीज आधी पैसेवाल्यांच्या बंगल्यांत गेली, चाळींत यायला बराच काळ लागला. त्या काळच्या वायरीवर रबर आणि वरून सुती वेष्टण असे. ती सागवानी केसिंगच्या खाचेतून न्यायची आणि वर कॅपिंगची पट्टी स्क्रूनं आवळायची. पुढं सागाच्या पट्टीवर क्लिपा ठोकून वायर नेण्याची पद्धत आली. छताला लाकडाचा गोल ठोकळा, त्यावर चिनी मातीचा किंवा बेकेलाइटचा सीलिंग रोझ, खाली लोंबती दोरी आणि होल्डर. दोन वायरी यायच्या, फेज आणि न्यूट्रल. माझे वस्ताद म्हणायचे, "लाकूड हाच आपला बचाव, पोरा." ते खरंच होतं. उंच छत, कोरडं लाकूड, आणि दिव्याचा जो भाग हाताला लागेल तो बेकेलाइटचा. अशा दिव्याला अर्थिंग देऊन जोडणार तरी कशाला?

कायद्यानंही तसंच धरलं. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत, नियम ६१ खाली, विजेच्या उपकरणांचं धातूचं आवरण जमिनीशी जोडायला सांगितलं होतं; पण घरगुती दाबावर भिंतीवरचे ब्रॅकेट, झुंबरं, स्विचेस आणि छताचे पंखे यांना सूट होती. अट एकच: त्या वस्तूला अर्थचा टर्मिनल दिलेला नसावा. टर्मिनल असेल तर सूट नाही. नव्या किंवा नव्यानं केलेल्या वायरिंगमध्ये प्लगचे सॉकेट मात्र तीन पिनांचेच हवेत आणि तिसरी पिन पक्की अर्थला हवी, असं त्याच नियमानं बजावलं. म्हणून आमच्या जुन्या घरांत इस्त्रीच्या प्लगला अर्थची हिरवी वायर सापडते आणि दिव्याच्या पॉइंटवर सापडत नाही.

सूट कागदावर तशीच राहिली, घरं बदलत गेली. बेकेलाइटच्या होल्डरची जागा ट्यूबलाइटच्या पत्र्याच्या पट्टीनं घेतली. त्या पट्टीत चोक, आणि चोकच्या वायरीचं वेष्टण उष्णतेनं कडक होऊन तडकायचं. सागवानी केसिंग-कॅपिंग गेलं, सागाचे ठोकळे गेले. पितळी झुंबरं मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आली. छत बुटकं झालं, दिवा हाताशी आला. दिवाळीच्या साफसफाईला लोखंडी शिडीवर उभं राहून ओल्या फडक्यानं पट्टी पुसणारी माणसं मी दर वर्षी बघितली आहेत. आत फेजची वायर पत्र्याला टेकली असेल, तर दिवा मुकाट लागत राहतो आणि सगळी पट्टी २३० व्होल्टची होऊन बसते. अर्थिंग असेल तर तोच दोष मोठा प्रवाह खेचतो. वाटेतला एकूण रोध ५ ओहम धरला तरी ४६ अँपिअर होतात, आणि ५ अँपिअरचा किटकॅट फ्यूज उडतो. माणसाच्या अंगातून मात्र इतका कमी प्रवाह जातो की फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही; जीव घ्यायला तेवढा पुरतो.

आता हे अर्थिंग यायचं कुठून? रीतसर म्हणजे आवारात खड्डा खणून तांब्याची किंवा जस्तलेपित लोखंडाची प्लेट उभी पुरायची, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर द्यायचे, आणि उन्हाळ्यात वरून पाणी घालायचं. देशावरची काळी माती ओल धरते, तिथं काम सोपं. कोकणच्या जांभ्यात चैत्र-वैशाखात तीच प्लेट नावापुरती उरते. चाळीत खड्डा खणायला जागा नसे, म्हणून वायर नळाच्या पाइपाला गुंडाळायची सर्रास रीत होती. लोखंडी पाइप जमिनीखाली दूरवर गेलेला असायचा, तोवर ते निभलं. मग जुने पाइप काढून प्लास्टिकचे बसले. प्लंबरनं वायरमनला विचारलं नाही, आणि इमारतीच्या इमारती एका दुरुस्तीत बिनअर्थिंगच्या झाल्या. त्यात वाईट म्हणजे पाइपाचा जो लोखंडी तुकडा मधे उरला, त्यातून एका घरातला दोष दुसऱ्याच्या न्हाणीघरातल्या नळाला उतरू लागला.

हा सगळा वारसा जुना दिवा काढून नवा लावताना समोर येतो. गिऱ्हाईक विचारतं, "काका, दिवा दोन वायरींवर लागतो ना? मग तिसरी कशाला?" मी आधी मेन स्विच पाडतो आणि वायरी मेल्यात याची टेस्टर व टेस्ट लॅम्प दोन्हींनी खात्री करतो. मग बटण फेजवर आहे का ते बघतो. जुन्या कामात ते न्यूट्रलवर निघतं, तेव्हा बटण बंद असूनही होल्डरमध्ये फेज जिवंत असते. धातूच्या दिव्याला हिरवी वायर थेट बोर्डाच्या अर्थपर्यंत नेतो. नवी वायर ओढायला भिंत उकरावी लागली तरी ती ओढतो. न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडा, असं सुचवणारे भेटतात; न्यूट्रल कुठं तुटला तर त्या जोडणीनं झुंबर स्वतःच फेज होतं. वायर नेणं शक्यच नसेल तर चौकोनात चौकोन अशी खूण असलेला, दुहेरी इन्सुलेशनचा दिवा घ्यायला सांगतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवाच, पण त्याला अर्थिंगचा बदली कामगार समजू नका.

२०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नवे सुरक्षा-विनियम आले. झुंबरांची ती सूट त्यांतही राहिली, आणि टर्मिनलची अटही. म्हणजे झुंबर सुटीत बसतं की नाही, हे त्याच्या बैठकीवरचा एक स्क्रू ठरवतो. दुकानात झुंबराचे लोलक सगळेच न्याहाळतात. बैठक उलटी करून तो स्क्रू बघा, आणि असला तर झुंबराआधी वायरमनला हिरव्या वायरीचे पैसे द्या.