एकच ब्रेक पॅड लवकर का झिजतो? जुन्या गाडीचा आजार असा ओळखा!

मंडळी, जुनी गाडी गॅरेजला दिली की मेकॅनिक एक ब्रेक पॅड हातात ठेवतो आणि म्हणतो, "हा संपलाय." त्याच चाकातला दुसरा पॅड मात्र निम्म्याहून जास्त शिल्लक असतो! आपण नवा सेट टाकून मोकळे होतो आणि काही महिन्यांत तीच बाजू पुन्हा संपते. कारण पॅडची असमान झीज हा आजार नाही, ते लक्षण आहे. पॅड कुठून आणि कसा झिजलाय हे नीट पाहिलं, तर मूळ दोष बराचसा सापडतो.

खानदेशात याकडे लक्ष का द्यायचं?

जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शेतरस्त्यांवर काळ्या मातीची धूळ असते आणि पावसाळ्यात तीच माती चिखल होऊन चाकांत जाऊन बसते. त्यात घाट आहेतच. छत्रपती संभाजीनगरहून चाळीसगावकडे येताना कन्नडचा घाट, म्हणजेच औट्रम घाट उतरावा लागतो. धुळे-सुरत रस्त्यावर कोंडाईबारी घाट आहे. सपाट रस्त्यावर लपलेला ब्रेकचा दोष अशा उतारावर नेमका बाहेर येतो.

ब्रेक काम कसा करतो?

जुनी अल्टो, वॅगन आर, इंडिका अशा गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो आणि त्यांना धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. त्याच वेळी अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून घेतो. पाय काढला की पिस्टनभोवतीचं रबरी सील त्याला किंचित मागे घेतं. सगळी गंमत या सरकण्यावर आहे. काहीही अडकलं की झीज बिघडते.

झिजेवरून दोष असा ओळखा

१. आतला पॅड जास्त झिजलाय: सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. एक तर पिना सुकल्यात किंवा गंजल्यात, त्यामुळे कॅलिपर सरकत नाही आणि सगळं काम आतल्या पॅडवर पडतं. नाहीतर पिस्टन मागे जात नाही. कॅलिपर काढल्यावर पिना हाताने सरकवून पाहायच्या. त्या मोकळ्या असतील, तर संशय पिस्टनवर.

२. बाहेरचा पॅड जास्त झिजलाय: ब्रेक सोडल्यावर कॅलिपर परत सरकत नाही आणि पॅड डिस्कला घासत राहतो. पिना आणि त्यांचे रबरी बूट तपासा. बूट फाटला की धूळ-पाणी आत गेलंच समजा.

३. पॅड तिरका झिजलाय: एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. दोनपैकी एकच पिन अडकलेली असू शकते, किंवा पॅड त्याच्या खाचेत नीट बसलेला नसतो.

४. एका चाकाचे दोन्ही पॅड संपलेत, दुसऱ्या चाकाचे शाबूत आहेत: इथे घाई करू नका. झिजलेल्या बाजूचा ब्रेक सुटत नसेल, किंवा शाबूत दिसणाऱ्या बाजूचा ब्रेक लागतच नसेल! दुसऱ्या प्रकारात ब्रेक मारताच गाडी चांगल्या ब्रेकच्या बाजूला ओढते.

घरच्या घरी काय तपासाल?

मोकळ्या रस्त्यावर शक्य तितका कमी ब्रेक मारत काही किलोमीटर गाडी चालवा. थांबल्यावर पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात न्या, पण डिस्कला हात लावू नका, चटका बसेल. एक चाक जास्त तापलं असेल किंवा जळका वास येत असेल, तर तो ब्रेक सुटत नाहीये.

गॅरेजमध्ये चाक उचलून हाताने फिरवायला सांगा. ते जड फिरत असेल, तर मेकॅनिक कॅलिपरचा ब्लीडर नट किंचित सैल करतो. चाक लगेच मोकळं झालं, तर ऑइलचा दाब अडकून राहतोय. जुना ब्रेक पाइप आतून फुगला असेल, तर असं होतं. तरीही चाक जडच राहिलं, तर दोष पिस्टन किंवा पिनांत आहे.

एक गैरसमजही दूर करू. "पॅड संपला की आवाज येतो" यावर विसंबू नका. आवाज करणारी पत्र्याची पट्टी अनेक गाड्यांत दोनपैकी एकाच पॅडला असते. दुसरा आधी संपला, तर ती गप्पच राहते. म्हणून दोन्ही पॅड पाहा. घर्षणाचा थर ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलायची वेळ झाली.

मेकॅनिककडे हे आवर्जून सांगा

- जुने पॅड फेकू नका, आधी दाखवा.
- पॅड दोन्ही चाकांचे एकदम बदला.
- पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.
- काढलेला कॅलिपर ब्रेक पाइपवर लोंबकळत ठेवू नका.
- ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं. ताजं डॉट-४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेलं १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकतं. मग ऐन घाटात पेडल पोकळ लागतं.
- काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबून घ्या.

पेडल खाली जात असेल, ऑइल गळत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ती गाडी घाटात नेऊ नका. घाट उतरताना नेहमी खालचा गिअर ठेवा, म्हणजे सगळा भार ब्रेकवर येत नाही.

तर मंडळी, पुढच्या सर्व्हिसिंगला "पॅड बदला" एवढंच सांगू नका. "हा असा का झिजला?" हेही विचारा. तुमच्या ओळखीत कुणाकडे जुनी गाडी असेल, तर हा लेख त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचवा!