खानदेशांतील लोणच्याची बरणी



इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, लढाया, तहनामे आणि राजांच्या वंशावळी उभ्या राहतात. खानदेशापुरतें बोलावयाचें तर थाळनेरचे व बऱ्हाणपूरचे फारुकी सुलतान, १६०१ सालीं अकबरानें घेतलेला असीरगड, १८१८ सालीं इंग्रजांच्या हातीं गेलेला मुलूख, १९०६ सालीं पडलेले पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन भाग, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांना मिळालेलीं जळगांव व धुळें हीं नांवें, एवढें पाठ झालें म्हणजे विद्यार्थी पुस्तक मिटतो. पण याच मुलखाचा दुसराहि एक इतिहास आहे. तो दप्तरखान्यांत नाहीं. माजघरांतल्या फळीवर, तोंडाला दादरा बांधून ठेवलेल्या बरणींत आहे. लोणचें ही ताटाच्या डावीकडची किरकोळ वस्तु, तिला इतिहास कसला, असें कोणी म्हणेल. तिला तो आहे. आणि त्यांत व्यापार आहे, कर आहे, दुष्काळ आहे, आणि बायकांच्या हातची एक मोठी विद्या आहे.

प्रथम नांवाकडे पाहूं. ‘लोणचें’ हा शब्द लवणापासून आलेला आहे. लवणाचें प्राकृतांत ‘लोण’ झालें, आणि लोणांत घातलेलें तें लोणचें. म्हणजे या पदार्थाला नांव फळानें दिलें नाहीं, मसाल्यानें दिलें नाहीं, तेलानेंहि दिलें नाहीं. तें मिठानें दिलें. कैरी असो, लिंबू असो, भोकर असो कीं आंवळा असो, मीठ आहे तोंवर तें लोणचें. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढची सारी कथा या एका शब्दाभोंवतीं फिरते.

लोणच्याविषयींचा एक जुना आणि विश्वसनीय उल्लेख एका परदेशी प्रवाशानें करून ठेवला आहे. मोरोक्को देशाचा इब्न बतूता हा महंमद तुघलकाच्या दरबारीं कांहीं वर्षें होता. १३४२ सालीं तो दिल्लीहून निघाला, आणि पुढें दौलताबादेहून जातांना नंदुरबारास आला. तेथील मराठे लोक कारागिरींत निष्णात आहेत, त्यांच्यांत वैद्य आणि ज्योतिषी आहेत, आणि त्यांचें अन्न म्हणजे तांदूळ, भाजीपाला व तिळाचें तेल, असें तो लिहितो. याच प्रवासवर्णनांत हिंदुस्थानांतील फळांविषयीं लिहितांना तो आंब्याजवळ थांबतो. पिकण्यापूर्वीं गळून पडलेलीं फळें हे लोक मीठ लावून ठेवतात, आलें आणि मिरीं यांचेंहि तसेंच करतात, आणि जेवतांना घासागणिक त्यांतलें थोडें थोडें खातात, हें त्यानें बारकाईनें टिपलें आहे. आपल्या देशांत लिंबें जशीं मिठांत घालतात तशीच ही रीत, असेंहि तो सांगतो. तेव्हां साडेसहाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं हा पदार्थ येथें इतका सर्वसाधारण होता, कीं परक्या माणसाच्या नजरेंतून तो सुटला नाहीं.

मात्र त्या काळच्या लोणच्याचा घास आज आपल्यापैकीं कोणी घेतला, तर त्याला तें अनोळखी वाटेल. कारण त्यांत मिरची नव्हती. मिरची ही अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकांत ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि हळूहळू घाटावर चढली. तिचें नांवसुद्धां आपण जुन्या मिऱ्यांवरूनच पाडलें. तोंवर लोणच्याचा तिखटपणा मिरीं, पिंपळी, आलें आणि मोहरी यांचा होता. आज नंदुरबारची मिरचीपेठ सर्वत्र प्रसिद्ध आहे, आणि तिखटावांचून खानदेशी जेवणाची कल्पनाच करवत नाहीं. पण ज्या नंदुरबारांत इब्न बतूता उतरला, त्या गांवानें मिरचीचें नांवहि ऐकलेलें नव्हतें.

तेलाची हकीकतहि अशीच. आजचें खानदेशी लोणचें बहुधा शेंगदाण्याच्या तेलांत बुडलेलें असतें. पण भुईमूग हाहि अमेरिकेचाच. आपल्याकडे त्याचा पेरा खऱ्या अर्थानें वाढला तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत. त्यापूर्वीं तीळ, करडई आणि जवस यांवर तेल्याचा घाणा फिरत असे. गिरणीचें तेल आलें तेव्हां घाणे एकामागून एक बंद पडूं लागले. १९३६ च्या डिसेंबरांत पूर्व खानदेशांतल्या फैजपुरास राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि गांधीजींनीं ग्रामोद्योगांचें प्रदर्शन उघडलें. त्या काळीं ग्रामोद्योगांच्या चळवळींत बैलघाण्याच्या तेलाला मानाचें स्थान होतें. तेलाचा प्रश्न हा केवळ चवीचा नव्हता, तो गांवच्या तेल्याच्या पोटाचाहि होता.

आतां मिठाकडे वळूं. खानदेशाला समुद्र नाहीं. तापी आणि गिरणा यांच्या पाण्यांतून मीठ निघत नाहीं. तें कोंकणांतून आणि गुजराथेंतून यावयाचें. रेल्वेपूर्वीं वंजाऱ्यांचे तांडे तें बैलांच्या पाठीवर लादून घाट चढवीत; परततांना धान्य नि कापूस नेत. १८६५ सालीं थळ घाटांतून लोहमार्ग पुरा झाला आणि मिठाच्या गोण्या आगगाडींतून येऊं लागल्या. वाहतूक स्वस्त झाली, पण मीठ स्वस्त झालें नाहीं. कारण वाहतुकीहून मोठा भार सरकारी करानें घातला होता. मिठाची चोरटी ने-आण होऊं नये म्हणून इंग्रज सरकारनें उत्तरेंत सिंधु नदीपासून मध्य हिंदुस्थानापर्यंत शेंकडों मैलांची जकातीची हद्द आंखली होती, आणि तिच्यावर बऱ्हाणपुरापर्यंत कांटेरी झाडांचें एक प्रचंड कुंपण वाढविलें होतें. खानदेशाच्या उंबऱ्याशींच तें येऊन थांबलें होतें. १८७९ सालीं ती हद्द उठली. पण कर उठला नाहीं, तो सर्वत्र सारखा झाला, इतकेंच.

१८८८ पासून १९०३ पर्यंत मिठावरचा कर मणीं अडीच रुपये होता. आपण थोडा हिशेब करूं. अडीच रुपयांचे आणे चाळीस; मणाचे शेर चाळीस. म्हणजे शेरामागें एक आणा नुसता कर. मिठाची किंमत आणि दुकानदाराचा नफा निराळाच. कैरीच्या लोणच्याला आपल्या बायका चार भाग फोडींना एक भाग मीठ असें ढोबळ माप धरतात. तेव्हां चार शेर फोडींचें लोणचें घालावयाचें, तर चुलीपाशीं बसण्यापूर्वींच एक आणा सरकारजमा झाला. ज्या काळीं शेतमजुराची दिवसभराची मजुरी थोड्या आण्यांत मोजली जात असे, त्या काळचा हा आणा आहे. आणि याच पंधरा वर्षांत १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे दोन भयंकर दुष्काळ पडले. दुसऱ्यानें खानदेशाला फार होरपळलें.

येथें कोणी विचारील, कीं दुष्काळांत लोणच्याची आठवण कशाला? लोणचें ही चैनच नव्हे काय? माझ्या मतें हाच खरा मुद्दा आहे. ज्या घरीं ताटांत वरण, भाजी, कोशिंबीर आणि तूप आहे, तेथें लोणचें ही तोंडीं लावण्याची वस्तु. पण ज्या घरीं कळण्याची भाकरी आणि तिच्यासोबत कांदा, एवढेंच जेवण, तेथें लोणच्याची एक फोड हीच भाजी आणि तिचा खार हेंच कालवण. श्रीमंताला मीठ महागलें तर कळतहि नाहीं. गरिबाचें जेवण मात्र अळणी होतें. म्हणूनच गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर केलेल्या पहिल्याच भाषणांत मिठाचा कर कमी करा अशी मागणी केली. पुढच्या वर्षीं कर दोन रुपये झाला, १९०५ सालीं दीड आणि १९०७ सालीं एक रुपया झाला. पुढें तो पुन्हां चढला.

१९३० सालीं गांधीजींनीं दांडीस मूठभर मीठ उचललें, तेव्हां देशांतल्या कित्येक विद्वानांना तें हास्यास्पद वाटलें होतें. स्वयंपाकघरांतल्या बाईला तें समजावून सांगावें लागलें नाहीं. अमळनेरच्या शाळेंत शिकविणारे साने गुरुजी त्याच वर्षीं नोकरी सोडून सत्याग्रहांत गेले. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांचीं गीतेवरील प्रवचनें त्यांनीं लिहून घेतलीं, हें आपणां सर्वांना ठाऊक आहे. मिठाच्या लढ्यांतून निघालेली ही वाट अशा रीतीनें गीतेपर्यंत पोंचली. मिठावरचा कर मात्र १९४७ सालीं उठला. ‘खाल्ल्या मिठाला जागावें’ असें आपण म्हणतों. ज्या सरकारनें मिठावरच कर बसविला, त्याच्या मिठाला कोणीं आणि कसें जागावें?

आतां प्रत्यक्ष कृतीकडे येऊं, कारण तिच्यांतहि इतिहासाइतकेंच शास्त्र आहे. खानदेशांत अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या सणाला सासुरवाशिणी माहेरीं येतात, झोके बांधतात, गाणीं म्हणतात. आखाजी आणि मृगाचा पहिला पाऊस यांच्यामधले दिवस हे लोणच्याचे दिवस. कैरीला कोय धरलेली असते, पण ती पिकूं लागलेली नसते. ऊन असें, कीं धुतलेली बरणी घटकाभरांत खडखडीत वाळते. कैऱ्या धुऊन, पुसून, सावलींत कोरड्या करून मोठ्या अडकित्त्यानें फोडतात. फोडीला बाठ्याचा तुकडा राहूं देतात, म्हणजे ती मऊ पडत नाहीं. फोडींना मीठ नि हळद लावली कीं मीठ फळांतलें पाणी ओढून घेतें, तोच खार. मग मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट, आणि शेवटीं कडकडीत तापवून पुरतें निववलेलें तेल.

यांतली एकहि गोष्ट उगीच नाहीं. मीठ जसें फोडींतलें पाणी ओढतें, तसेंच तें नासविणाऱ्या सूक्ष्म जंतूंच्या अंगांतलेंहि ओढतें, आणि त्यांची वाढ खुंटते. कैरीचा आंबटपणा त्याला साह्य करतो. मोहरी कुटली असतां जो नाकाला झोंबणारा उग्रपणा सुटतो, तोहि जंतूंना मानवत नाहीं. तेल वर थर धरून हवा अडवितें, आणि हवेवांचून बुरा धरत नाहीं. म्हणूनच फोड तेलाखालीं बुडालेली हवी असा आजीचा आग्रह असतो. ओला चमचा बुडविला कीं त्या जागचा खार पातळ होतो आणि तेथूनच नासाडी सुरू होते. शास्त्रज्ञांनीं हीं कारणें अलीकडे शोधलीं. नियम त्यापूर्वींच कित्येक पिढ्या पाळले जात होते.

मात्र एक नियम असा होता, कीं ज्याला यांतलें कोणतेंच कारण नाहीं. विटाळाच्या बाईची सावली पडली तर लोणचें नासतें, असें घरोघर मानीत, आणि अजूनहि कांहीं ठिकाणीं मानतात. मीठ, आंबटपणा, मोहरी आणि तेल यांपैकीं एकालाहि हात कोणाचा याची ओळख पटत नाहीं. हात कोरडा आहे कीं ओला, एवढेंच त्यांना कळतें. वर्षानुवर्षें ज्या हातांनीं ही विद्या जतन केली, त्याच हातांवर हा डाग ठेवला गेला, हें दुःखानें नमूद करावें लागतें.

आणि ती विद्या जतन झाली ती लेखणीवांचून. मराठींत ‘सूपशास्त्र’ हें पाकशास्त्राचें पुस्तक १८७५ सालीं निघालें. पुढें आणखीहि निघालीं. परंतु जळगांवच्या आणि धुळ्याच्या खेड्यापाड्यांतल्या बायकांचें ज्ञान त्यांत उतरलें नाहीं. तें मुठीच्या मापांत, बोटाच्या चवींत आणि फोडीच्या रंगांत राहिलें. जळगांवजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहितां वाचतां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं घरच्या मुलांनीं कागदावर उतरून घेतलीं, म्हणून १९५२ सालीं, त्यांच्या मागें, तीं महाराष्ट्राला मिळालीं. कोणी लिहून घेतलीं नसतीं तर तीं त्यांच्याबरोबरच गेलीं असतीं. बरणीच्या विद्येला असे लिहून घेणारे फार थोडे लाभले.

१९१० सालीं गिरगांवांत निघालेल्या बेडेकरांच्या दुकानासारख्या व्यवसायांनीं पुढें मसाले आणि लोणचीं शहरांतल्या घरांत पोंचविलीं, आणि ज्या घरांत वेळ नाहीं, गच्ची नाहीं, ऊन नाहीं, त्यांची मोठी सोय केली. विकतची बाटली वाईट, असें माझें म्हणणें नाहीं. पण बाटलीवर सर्वांची मिळून एकच चव लिहिलेली असते. अमुक गांवची कैरी आंबट म्हणून मीठ किती वाढवावें, भोकरें कशीं चिरून चिकटपणा काढावा, पाऊस लवकर आला तर काय करावें, हें बाटलीवर छापलेलें नसतें. तें ज्यांना ठाऊक आहे अशा बायका आज वयानें ऐंशीच्या पुढें आहेत.

तेव्हां श्रोतेहो, माझी विनंति अगदीं लहान आहे. येत्या आखाजीला घरांतल्या वडील बाईजवळ बसा, आणि ती फोडींत मीठ घालील तेव्हां तिच्या मुठी मोजा. मग तेवढें मीठ तराजूंत घालून वजन लिहून ठेवा. त्यासाठीं फार तर वहीचें एक पान लागेल. पण खानदेशच्या इतिहासाचें तें पान आजवर कोरें राहिलेलें आहे.