बक्षीस कुणाला?

मी दहा वर्षांची असताना बाबांनी माझ्याशी एक सौदा केला होता. दिवाळीपर्यंत चार किलो वजन उतरव, सायकल घेतो. दर रविवारी काट्यावर उभं राहायचं. म्हणून शनिवारी रात्री मी जेवायचेच नाही. दिवाळी आली तेव्हा दोनच किलो उतरले होते, सायकल आली नाही. वजन करून झालं की बाबा बटाटेवडे आणायचे, तेही माझ्यासमोर. त्या सौद्यात मी सोडून घरातल्या कुणालाच काही करायचं नव्हतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

ध्येय द्यायचं, बक्षीस लावायचं आणि सवय घडवायची, ही तऱ्हा घराघरांत जुनीच आहे. पण तिचं शास्त्र झालं ते अमेरिकेत. १९३०च्या दशकात बी. एफ. स्किनर यांनी उपाशी उंदरांवर प्रयोग केले. दांडी दाबली की खाण्याची गोळी मिळायची. म्हणजे या शास्त्रातलं पहिलं बक्षीस अन्नच होतं! १९६०च्या दशकात इलिनॉय राज्यातल्या ॲना इथल्या सरकारी मनोरुग्णालयात आयलॉन आणि ॲझ्रिन यांनी टोकनची पद्धत आणली. रुग्णाने स्वतःचं आवरलं, नेमून दिलेलं काम केलं की टोकन मिळे. टोकनं देऊन हवी ती वस्तू किंवा सवलत घेता येई. आज फ्रिजवर दिसणारा चांदण्यांचा तक्ता याच टोकनांच्या कुळातला.

खाण्याच्या बाबतीत मात्र बक्षीस उलटूही शकतं. लीअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली लहान मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एखादं पेय प्यायल्याबद्दल बक्षीस दिलं, तर पुढे मुलांना ते पेय आधीपेक्षा कमी आवडू लागलं. ‘मेथी संपव, मग श्रीखंड’ म्हणताना मेथी ही शिक्षा आणि श्रीखंड ही सुटका, असंच आपण शिकवत असतो.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते लेनर्ड एपस्टीन यांचं काम. स्थूल मुलांसाठी त्यांनी सिग्नलच्या दिव्यांसारखी आहाराची विभागणी केली: हिरवे पदार्थ मोकळेपणाने, पिवळे बेताने, लाल क्वचित. सहा ते बारा वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक यांचे त्यांनी तीन गट केले. आहार, व्यायाम आणि सवयी बदलण्याचं प्रशिक्षण तिघांनाही सारखंच होतं. फरक होता तो बक्षिसात. पहिल्या गटात सवयी बदलल्या, वजन उतरलं, तर मूल आणि पालक दोघांनाही प्रोत्साहन. दुसऱ्यात फक्त मुलाला. तिसऱ्यात कुटुंबाला, तेही निव्वळ हजेरीबद्दल.

दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष १९९० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. सरासरीपेक्षा वजन किती टक्के जास्त, हे त्यातलं माप होतं. पहिल्या गटातल्या मुलांमध्ये हा आकडा ७.५ ने घटला होता. दुसऱ्यात तो ४.५ ने वाढला होता आणि तिसऱ्यात १४.३ ने.

हे आकडे वाचून मी बराच वेळ बसून राहिले. सायकल हे बक्षीस वाईट नव्हतं. चूक होती ती ते एकट्या मुलीवर लावण्यात, आणि तिच्या हाती नसलेल्या काट्यावर लावण्यात. रोज अर्धा तास खेळणं मुलाच्या हातात असतं. काट्याचा आकडा नसतो. आणि घरात काय शिजणार, बाहेरून काय येणार, हे तर मोठ्यांच्याच हातात असतं.

आता माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, अंगाने माझ्यावर गेलेला. आमच्या फ्रिजवरच्या तक्त्यात त्याचा, माझा आणि त्याच्या बाबाचा असे तीन रकाने आहेत. वजनाचा रकाना नाही. चालणं, खेळणं, जेवताना टीव्ही बंद, एवढंच. आठवडा पुरा झाला की रविवारी तिघं मिळून टेकडीवर जायचं, हे बक्षीस.

गेल्या महिन्यात माझे बाबा राहायला आले होते. तक्ता बघून म्हणाले, ‘‘माझा रकाना कुठाय?’’ मी आखून दिला. सायकलचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.