डोळ्यातली लेन्स : विमानाच्या खिडकीपासून तुमच्या डोळ्यापर्यंत

मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं, की बहुतेक पेशंट दोन प्रश्न विचारतात. पहिला, “डॉक्टर, ही लेन्स किती वर्षं टिकेल?” आणि दुसरा, जरा दबक्या आवाजात, “बाहेरची वस्तू आहे, शरीर ती स्वीकारेल ना?” हा दुसरा प्रश्न विचारताना अनेकांना संकोच वाटतो. आपण काहीतरी अडाण्यासारखं विचारतोय, असं वाटतं. तसं मुळीच नाही. १९५१ साली जेव्हा डोळ्यात बसवलेली लेन्स पहिल्यांदा जगासमोर आली, तेव्हा त्या काळच्या मोठमोठ्या नेत्रतज्ज्ञांचा आक्षेप नेमका हाच होता. त्यांचं समाधान व्हायला जवळजवळ तीस वर्षं लागली.

त्या तीस वर्षांची गोष्ट आज सांगतो. ऑपरेशनच्या आधी तुम्हाला ज्या तपासण्या करायला सांगतात, त्यातल्या कितीतरी गोष्टी त्या काळातल्या एकेका चुकीतून शिकलेल्या आहेत.

लेन्स नव्हती तेव्हा

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. ते एका अतिशय पातळ पिशवीत बसलेलं असतं. हे भिंग गढूळ झालं, की त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. सुश्रुतसंहितेत सुईने हे भिंग बाजूला सारण्याची क्रिया सांगितलेली आहे. भिंग बाहेर काढण्याची पद्धत फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये सुरू केली. म्हणजे उजेडाच्या वाटेतला अडथळा दूर करण्याची विद्या जुनीच आहे.

पण अडथळा गेला तरी काम अर्धंच होतं. डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर असते. त्यातली सुमारे २० डायॉप्टर या भिंगाची. भिंग काढलं की तेवढी ताकद गेली. ती भरून काढायला सुमारे +१० नंबरचा चष्मा लागायचा.

तुमच्या आजी-आजोबांचा तो बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आठवतो का? त्यातून त्यांचे डोळे केवढे मोठे दिसायचे! त्यांनाही जग तसंच मोठं दिसायचं, साधारण पाव पटीने. जिन्याची पायरी जवळ वाटायची, पाऊल चुकायचं. पाणी ओतायला जावं तर धार पेल्याच्या बाहेर. बाजूने येणारी सायकल एकदम समोर उगवल्यासारखी दिसायची. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर दोन डोळ्यांना दोन वेगळ्या मापांचं चित्र दिसायचं, आणि मेंदूला त्यांचा मेळ घालता यायचा नाही. शिवाय चष्मा हरवला किंवा फुटला, की माणूस पुन्हा चाचपडायला लागायचा.

“मोतीबिंदू पूर्ण पिकू द्या, मगच ऑपरेशन” हा सल्ला त्या काळातला आहे. ऑपरेशननंतर असं जगावं लागणार असेल, तर ते शक्य तितकं पुढे ढकलण्यातच शहाणपण होतं.

वैमानिकाच्या डोळ्यातले तुकडे

आता १९४० च्या ऑगस्टमध्ये, इंग्लंडमध्ये चला. दुसरं महायुद्ध चालू होतं. गॉर्डन क्लीव्हर नावाच्या ब्रिटिश वैमानिकाच्या हरिकेन विमानावर गोळ्यांचा मारा झाला. वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण फुटून त्याचे तुकडे दोन्ही डोळ्यांत घुसले. एक डोळा कायमचा गेला, दुसरा कसाबसा वाचला. चेहऱ्यावर आणि डोळ्यांवर मिळून त्यांच्या १८ शस्त्रक्रिया झाल्या.

लंडनचे नेत्रशल्यचिकित्सक हॅरॉल्ड रिडली यांनी क्लीव्हर यांच्यावर उपचार केले. त्यांच्या लक्षात एक वेगळीच गोष्ट आली. डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर डोळा लाल होतो, सुजतो, निकामीही होऊ शकतो. पण विमानाचं ते झाकण काचेचं नव्हतं, पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचं होतं. त्याचे तुकडे डोळ्यात वर्षानुवर्षं नुसते पडून राहिले होते. ना सूज, ना लाली. डोळ्याने जणू त्यांची दखलच घेतली नव्हती.

ही नोंद रिडली यांच्या मनात राहिली. पुढे एकदा ते मोतीबिंदूचं ऑपरेशन करत असताना पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं, की खराब भिंग काढलंत, मग त्याच्या जागी नवं का नाही बसवत? प्रश्न अगदी साधा होता. पण रिडली यांना तो स्वस्थ बसू देईना.

त्यांनी लंडनच्या रेनर कंपनीतले प्रकाशशास्त्राचे जाणकार जॉन पाइक यांच्याशी बोलून लेन्सचा आराखडा ठरवला. साध्या पर्स्पेक्समध्ये इतर रसायनांचे अंश राहतात, म्हणून इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीने खास शुद्ध पर्स्पेक्स बनवून दिलं. या लेन्सचं पेटंट रिडली यांनी घेतलं नाही.

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी ४५ वर्षांच्या एका स्त्रीचा मोतीबिंदू काढला. डोळा पूर्ण शांत झाल्यावर, ८ फेब्रुवारी १९५० रोजी, त्याच डोळ्यात लेन्स कायमची बसवली.

पहिली लेन्स कुठे चुकली?

लेन्स बसली, पण त्या बाईंना सुमारे १८ डायॉप्टरचा मायनस नंबर आला, म्हणजे फारच मोठा. कारण समजून घेण्यासारखं आहे. लेन्सचा आकार नैसर्गिक भिंगाच्या आकाराला धरून ठरवला होता. पण पर्स्पेक्स नैसर्गिक भिंगापेक्षा प्रकाश जास्त वाकवतं. त्यामुळे आकार तोच राहूनही ताकद खूप वाढली. पुढच्या लेन्सचे बाक कमी करून ही चूक सुधारली गेली.

दुसरी अडचण वजनाची. ही लेन्स हवेत सुमारे ११० मिलिग्रॅम भरायची. आजची लेन्स साधारण २० मिलिग्रॅमची असते. शिवाय रिडली यांच्या लेन्सला जागेवर धरून ठेवणारा कसलाच आधार नव्हता. ती गोल चकतीसारखी होती आणि भिंगाच्या रिकाम्या पिशवीवर नुसती टेकलेली असायची. त्यामुळे काही डोळ्यांत ती सरकली, काहींत मागे घसरली. तिसरी अडचण निर्जंतुकीकरणाची. ज्या द्रावणात लेन्स ठेवत, त्याचा अंश लेन्सवर राहायचा आणि डोळा सुजायचा. काहींच्या डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूही झाला.

हे सगळं सांगण्याचं कारण असं, की विरोध करणारे डॉक्टर केवळ हट्टी होते असं आपण समजू नये. जुलै १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत रिडली यांनी आपलं काम मांडलं आणि पेशंटही सोबत आणले. त्या काळचे सर्वांत मानाचे ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ सर स्ट्युअर्ट ड्यूक-एल्डर यांनी त्या पेशंटना तपासायलाही नकार दिला. डोळ्यात गेलेली परकी वस्तू काढायची, हेच आम्ही सगळे आयुष्यभर शिकतो. इथे एक डॉक्टर ती मुद्दाम आत ठेवत होता!

समोर आलेला पेशंट तपासायचाच नाही, हे चूकच होतं. पण सावध राहणं चूक नव्हतं. त्या प्रयोगांत काही माणसांचे डोळे खरोखर दुखावले होते. दुसऱ्या बाजूला, लेन्स नाही म्हणून लाखो लोक जाड चष्मे लावून पायऱ्या चुकत होते. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

जागा चुकली, मग सापडली

रिडली यांची लेन्स मागे घसरते, म्हणून इतरांनी ती पुढे आणली. १९५० च्या दशकात युरोपमध्ये लेन्स बाहुलीच्या पुढे, कॉर्नियाच्या मागे बसवायला सुरुवात झाली. कॉर्निया म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक भाग. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एक नाजूक थर असतो, आणि या पेशी एकदा गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. पुढे बसवलेल्या अनेक लेन्सनी याच थराला इजा केली आणि काही वर्षांनी कॉर्निया धूसर झाला. नेदरलँड्सच्या कॉर्नेलिस बिंकहॉर्स्ट यांनी बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला क्लिपसारखी अडकणारी लेन्स काढली. ती बरीच बरी होती. पण तो पडदा उजेड-अंधारात सतत हलत असतो, त्यामुळे तीही निर्धोक नव्हती.

१९७७ मध्ये अमेरिकेच्या स्टीव्हन शिअरिंग यांनी लेन्सला दोन बाजूंना इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखे बारीक, लवचीक बाक जोडले आणि ती पुन्हा बाहुलीच्या मागे बसवली. स्प्रिंगसारखे हे बाक लेन्सला मधोमध धरून ठेवतात. पुढे लेन्स थेट भिंगाच्या मूळ पिशवीतच बसवण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे रिडली यांनी पहिल्याच दिवशी निवडलेली बाहुलीमागची जागा बरोबर होती. कमी होता तो आधार आणि हलकेपणा.

इतर तुकडेही जुळत गेले. दाताच्या डॉक्टरकडचं ध्वनिलहरींवर चालणारं यंत्र पाहून अमेरिकेचे चार्ल्स केलमन यांना मोतीबिंदू आतच फोडून ओढून घेण्याची कल्पना सुचली. १९६७ मध्ये त्यांनी ती मांडली. तीच आजची ‘फेको’. छेद लहान झाला, पण कडक लेन्स त्यातून जाईना. म्हणून १९८० च्या दशकात घडी घालता येणारी लेन्स आली. १९८१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डोळ्यातल्या लेन्सला पहिली मान्यता दिली.

आपल्या देशात

आपल्याकडे मात्र शिबिरांतल्या पेशंटना बराच काळ जाड चष्माच मिळत राहिला. परदेशी लेन्सची किंमत साधारण १०० डॉलर होती. ती परवडणार कोणाला? मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना सुरू केला. तिथली लेन्स सुरुवातीला साधारण १० डॉलरला मिळू लागली, पुढे त्याहून स्वस्त झाली. आज आपल्या गावच्या शिबिरातही लेन्स बसवली जाते, त्यात अशा कारखान्यांचा मोठा वाटा आहे.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

*तपासण्या टाळू नका.* डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची वक्रता मोजून तुमच्या लेन्सचा नंबर काढतात. लांबी मोजताना १ मिलिमीटरची चूक झाली, तर नंबर साधारण अडीच डायॉप्टरने चुकतो. पहिल्या पेशंटला जो मोठा नंबर आला, तो तुम्हाला येऊ नये म्हणून ही तपासणी आहे.

*मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका.* रोजच्या कामात अडचण येऊ लागली, की डॉक्टरांशी बोला. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो आणि ऑपरेशन अवघड होतं.

*महाग लेन्स म्हणजे चांगली नजर, असं समीकरण नाही.* पर्स्पेक्सच्याच जातीची साधी लेन्सही आयुष्यभर उत्तम काम देते. दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या लेन्समुळे काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. तुमचं काम, तुमच्या सवयी आणि तुमचा खिसा, तिन्ही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

*लेन्स सहसा बदलावी लागत नाही.* काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं, तर बहुधा लेन्समागची पिशवी गढूळ झालेली असते. मोतीबिंदू परत येत नाही. लेझरने काही मिनिटांत ती वाट मोकळी करता येते. मात्र ऑपरेशननंतर दुखणं, लाली वाढली किंवा नजर अचानक कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

*लेन्सचं स्टिकर जपून ठेवा.* डिस्चार्ज कार्डावर लेन्सचा नंबर आणि प्रकार लिहिलेलं स्टिकर असतं. पुढे कधीही ते उपयोगी पडू शकतं.

आता राहिला तो दबक्या आवाजातला प्रश्न. गॉर्डन क्लीव्हर यांच्या वाचलेल्या डोळ्यात उतारवयात मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं आणि त्या डोळ्यात लेन्स बसवली गेली. ज्यांच्या डोळ्यांनी ही कल्पना दिली, त्यांनाच ती उपयोगी पडली. रिडली यांनाही म्हातारपणी मोतीबिंदू झाला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत लेन्स बसवण्यात आल्या, आणि त्याही सेंट थॉमस रुग्णालयातच. २००० साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. २००१ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, ते वारले.

तेव्हा पुढच्या वेळी तो प्रश्न मोठ्याने विचारा. त्याचं उत्तर आता आमच्याकडे आहे.