‘सातवा शिक्का’ आणि गांवचा पडदा

इंझोरीसारख्या वऱ्हाडांतील शेतकरी गांवीं स्वीडन देशाचा एखादा गहन चित्रपट सर्वांनीं मिळून पाहावा, असें कोणी सुचविलें तर पहिली शंका हीच निघेल कीं, आमच्या लोकांना तो कळेल काय? या शंकेचें उत्तर आपल्या देशाच्या इतिहासांतच आहे.

सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त प्रभृतींनीं १९४७ सालीं कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापिली. १९५९ सालीं अशा मंडळांचा महासंघ झाला व राय त्याचे अध्यक्ष झाले. १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय व १९६८ सालीं मुंबईस प्रभात चित्र मंडळ निघालें. या मंडळांची रीत साधी: सभासदांची वर्गणी, आधीं परिचयाचे दोन शब्द, मागाहून चर्चा.

परंतु हीं शहरें झालीं. खेड्याची परीक्षा कर्नाटकांत झाली. शिमोगा जिल्ह्यांतील हेग्गोडु या सुपारीबागांच्या गांवीं के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ संस्थेनें जगांतील नामांकित चित्रपट ग्रामस्थांपुढें मांडले. पुण्याहून पी. के. नायर व प्राध्यापक सतीश बहादुर रसग्रहण शिकविण्यास तेथें जात. १९९१ सालीं सुब्बण्णांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें. लोकांना कमी लेखलें नाहीं व वाटाड्यावांचून सोडलेंहि नाहीं, हेंच त्या यशाचें मर्म होय.

आतां चित्रपटाकडे वळूं. इंग्मार बर्गमन (१९१८–२००७) हा लूथरपंथी पाळकाचा पुत्र. बालपणीं वडिलांबरोबर खेड्यांतील ख्रिस्तमंदिरांत गेला असतां तो तेथील जुनीं भित्तिचित्रें न्याहाळीत बसे. स्टॉकहोमजवळील टेबी येथील मंदिरांत, मृत्यु एका मनुष्याशीं बुद्धिबळ खेळत आहे, असें चित्र आहे. हीच कल्पना १९५७ च्या ‘सातवा शिक्का’ या चित्रपटाचा कणा झाली. नांव प्रकटीकरणाच्या ८ व्या अध्यायावरून घेतलेलें आहे. धर्मयुद्धाहून परतलेला सरदार महामारीनें ग्रासलेल्या स्वदेशीं मृत्यूशीं डाव मांडून थोडा अवधि मिळवितो. देव मौन कां धरतो, हा त्याचा प्रश्न. तो पापनिवेदनास जातो, तों जाळीपलीकडे पाळकाच्या वेषांत मृत्युच ऐकत असतो!

असा चित्रपट श्रद्धाळूंनीं पाहावा काय? त्याच १९५७ सालीं पोप पायस बारावे यांनीं आपल्या परिपत्रकांत, प्रेक्षकांना चित्रपट पारखण्याचें शिक्षण मिळावें, असा आग्रह धरला. पुढें १९९५ सालीं, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकननें निवडलेल्या ४५ चित्रपटांत नैतिक मूल्यांच्या गटांत ‘सातवा शिक्का’ हाहि होता. संशयाचा प्रामाणिक उच्चार ऐकण्यास ख्रिस्तसभा भ्याली नाहीं.

२०२० ची महामारी पाहिलेल्या गांवास या कथेचें भय समजावून द्यावें लागणार नाहीं. मात्र भाषा स्वीडिश व पडद्यावरील अक्षरें बहुधा इंग्रजी. म्हणून हक्कधारकांची अनुमति घेऊन, कथा आधीं वऱ्हाडींत सांगावी. जिवंत जाळावयास नेलेली मुलगी त्यांत आहे; सबब लहान मुलांना बसवूं नये. खेळ ९६ मिनिटांचा. त्यानंतर दिवे लावून तितकाच वेळ बोलण्यास ठेवावा.

शेवटीं सरदार पटावरील मोहरीं मुद्दाम उधळतो, आणि तेवढ्यांत एक गरीब खेळिया, त्याची पत्नी व तान्हें मूल निसटून जातात. देवानें उत्तर दिलें कीं नाहीं, या वादांत शिरण्यापूर्वीं गांवकऱ्यांना एवढेंच विचारावें: त्यानें मोहरीं कां उधळलीं? हें उत्तर देण्यास विद्वत्ता लागत नाहीं.