अंदमानाचं नाही, दुसरं काळं पाणी

मैत्रिणींनो, काळं पाणी म्हटलं की अंदमानची शिक्षा आठवते. आज आम्ही सांगतोय ते काळं पाणी वेगळं. किनाऱ्यापासून लांब, जिथे तळ हजार-दोन हजार मीटर खाली असतो, तिथे रात्री बोटीचं इंजिन बंद करतात. दिवे बांधलेला दोर पाण्यात सोडतात. पाठीवर हवेची टाकी घेतलेली माणसं त्या दोराजवळ दहा-पंधरा मीटर खाली तरंगत राहतात. बोट, दोर, माणसं, सगळीच प्रवाहाबरोबर वाहत असतात. याला 'ब्लॅकवॉटर डायव्हिंग' म्हणतात. हवाई बेटांवर कोना इथे आता पर्यटकसुद्धा पैसे भरून हे करतात.

भंडाऱ्यात बसून हे कशाला ऐकायचं? कारण ती माणसं जे बघायला उतरतात, ते आपल्या बोडीत आणि मामा तलावातही असतं. थोरल्या बायांना नारूचा रोग आठवत असेल. पाणी फडक्याने गाळून प्या, असं तेव्हा घरोघर सांगत. ते गाळणं सायक्लॉप्स नावाच्या ठिपक्याएवढ्या जिवासाठी होतं. नारू गेला, 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, पण सायक्लॉप्स आहेच. त्याचे भाऊबंद समुद्रात मोजता येणार नाहीत इतके. दिवसा माशांच्या नजरेला पडू नये म्हणून हे जीव खोल अंधारात लपतात आणि रात्री वर चरायला येतात. तळ्यातल्या अशाच जिवांची ही ये-जा फ्रान्सच्या कुव्हिए या शास्त्रज्ञाने 1817 मध्येच लिहून ठेवली होती.

समुद्रातली ये-जा मात्र युद्धामुळे कळली. 1942 मध्ये अमेरिकी जहाजं आवाज सोडून पाण्याखालचा वेध घेत होती. यंत्र मध्येच खोटा तळ दाखवू लागलं. तो तळ रात्री वर सरके, दिवसा खाली जाई. तो जिवंत होता! लहान मासे, कोळंबीसारखे जीव, यांचा थवाच्या थवा.

त्याआधी शास्त्रज्ञांकडे होती फक्त जाळी. 1872 ते 1876 'चॅलेंजर' जहाज जगभर फिरलं, हजारो नवे जीव सापडले. पण जेलीसारख्या मऊ जिवांचा जाळ्यात लगदा होई. जिवंतपणी ते कसे दिसतात, हे जाळं कसं सांगणार?

म्हणून विल्यम बीब नावाचा गृहस्थ बर्म्युडाजवळ पोलादी गोळ्यात बसून खाली गेला. गोळा पावणेपाच फूट रुंद, आत दोन माणसं. 15 ऑगस्ट 1934 ला ते 3,028 फुटांवर पोहोचले. नाव झालं बीबचं. पण वर जहाजावर टेलिफोन कानाला लावून त्याचा शब्द न् शब्द लिहून घेत होती ग्लोरिया हॉलिस्टर. फोनवरचा आवाज थांबला तर काय समजायचं, याची धाकधूक तिलाच. ती स्वतःही त्या गोळ्यात बसून बाराशे फुटांपर्यंत जाऊन आली. एल्स बोस्टेलमन ही चित्रकार. बीबने सांगितलं तसे तिने ते खोलातले मासे रंगवले. जगाने ते मासे पाहिले ते तिच्या हातून.

गोळ्याबाहेर, मोकळ्या पाण्यात उतरायची पद्धत 1970 च्या दशकात बसली. विल्यम हॅमनर आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी एक युक्ती काढली. प्रत्येकाच्या अंगाला दोर, सगळे दोर मधल्या एकाच्या हातात. त्या मधल्याने जीव बघायचे नाहीत, फक्त माणसं बघायची. कोणी खोल जातंय का, कोणी वाहतंय का. त्या विद्यार्थ्यांत ॲलिस ऑल्ड्रेज होती. एक बारीक जीव शेंबडासारख्या पदार्थाचं घर बांधतो, त्यातून चाळणीसारखं अन्न गाळतो आणि चाळणी तुंबली की घर टाकून दुसरं बांधतो. ती टाकलेली घरं दुसऱ्यांचं अन्न होतात, हे तिने 1972 मध्ये मांडलं. जाळ्यात ते घर विरघळूनच जातं.

आणि आपल्याकडे? नागपूर आपल्यापासून साठेक किलोमीटर. तिथे 1943 मध्ये अदिती पंत जन्मल्या. ॲलिस्टर हार्डी यांचं 'द ओपन सी' हे पुस्तक त्यांच्या हाती पडलं आणि समुद्राचं वेड लागलं. पुण्यात पदवी, मग हवाई, मग लंडन. नंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत नोकरी. त्यांचा विषय होता तरंगती सूक्ष्म वनस्पती, म्हणजे रात्री वर येणारे जीव जिच्यावर चरतात ती. 1983 च्या डिसेंबरात निघालेल्या मोहिमेतून त्या आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाला पोहोचल्या. भारताच्या मोहिमेतून तिथे जाणाऱ्या या पहिल्या भारतीय स्त्रिया. घर शिकलेलं होतं, हेही सांगायला हवं. प्रत्येकीला ते मिळत नाही.

आमच्या मते आपल्याकडे अडतं ते आधीच. तलावांचा जिल्हा म्हणवतो, पण गावात पोहता येणाऱ्या मुली किती? पोरगा तलावात डुंबला तर शाबासकी, पोरीला पायरीवरूनच हाक. मालवणजवळ तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाचं स्कुबा शिकवणारं केंद्र आहे. तिथवर जाईल तेव्हा जाईल. आधी पोरींना कमरेएवढ्या पाण्यात, पोहणाऱ्या मोठ्या माणसाच्या देखत, हातपाय मारू द्या.

आणि या अमावस्येला एवढं करून बघा. अंधार पडल्यावर तलावाच्या पायरीशी टॉर्च पाण्यावर धरा. थोड्या वेळाने तिथलंच पाणी पांढऱ्या वाडग्यात घ्या. बारीक ठिपके झटके देत फिरताना दिसतील. दोघी जा. एकीने पाण्याकडे बघायचं, दुसरीने तिच्याकडे.