वराहकुळाचा प्राचीन वारसा

कर्जत-मुरबाड रस्त्यावरील कशेळे गावाहून खांडसकडे वळले की भीमाशंकरचा डोंगर समोर उभा राहतो. त्याच्या पायथ्याच्या वाड्यांतून ठाकर, कातकरी बांधव भात, नाचणी, वरी पिकवितात. पीक हाताशी आले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत शेत लोळवून जातो. अशा ठिकाणी या प्राण्याविषयी कुणाला ममता वाटणार? तरीही ज्याच्याशी माणसाचे वैरही जुने आणि सख्यही जुने, त्याचा वंशेतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे.

वराहकुळाची मुळे आशिया खंडात तीन कोटींहून अधिक वर्षे मागे जातात. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत फाल्कनर व कॉटली यांना एकोणिसाव्या शतकात अनेक लुप्त प्राण्यांचे जीवाश्म सापडले. त्यांत डुकरेही होती. पुढे पिलग्रिम यांनी १९२६ साली भारतातील वराह-जीवाश्मांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

गाय, हरीण यांच्याप्रमाणे डुक्करही दुभंगलेल्या खुरांचे. परंतु त्याचे जठर साधे, एकाच कप्प्याचे. म्हणून ते रवंथ करीत नाही. लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात नेमका हाच भेद नोंदविला आहे. रानडुकराच्या तोंडात ४४ दात असतात. सुळे झुंजीसाठी, तर दाढा बोथट उंचवट्यांच्या, बऱ्याचशा आपल्या दाढांसारख्या. नाकाडाच्या टोकाशी एक छोटेसे हाड असल्यामुळे कठीण भुईही उकरता येते. कंद, फळे, किडे, धान्य, मेलेले जनावर, त्याला सारेच चालते. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राला डुकरांच्या शेंगांनी पोट भरावेसे वाटले, ते उगीच नव्हे. माणसाचे आणि डुकराचे ताट फारसे वेगळे नाही.

यातूनच दोघांचे सख्य जुळले. वस्तीकडेच्या उकिरड्यावर रानडुकरे स्वतःहून येऊ लागली आणि हळूहळू माणसाळली, असे अनेक संशोधक मानतात. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानात ही प्रक्रिया सुरू झाली. चीनमध्ये ती स्वतंत्रपणे घडली. ओळख मात्र त्याहून कितीतरी जुनी. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरील गुहेत डुकराचे एक चित्र आहे. ते किमान ५१,२०० वर्षांपूर्वीचे असल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले.

याच कुळातील एक शाखा मात्र विनाशाच्या काठावर उभी आहे. हॉजसन यांनी १८४७ साली वर्णिलेले बुटके रानडुक्कर खांद्यापाशी जेमतेम २५ सेंटिमीटर उंच भरते. ते नामशेष झाले असेच मानले जात होते. १९७१ साली आसामात ते पुन्हा आढळले. २००७ च्या जनुकीय अभ्यासाने त्याला स्वतंत्र प्रजातीगट बहाल केला. उंच गवताळ रानावाचून ते जगू शकत नाही, आणि ते गवत जळत गेले, नांगराखाली गेले. २०२० साली आसामात शिरलेल्या आफ्रिकी वराहज्वराने त्याच्यावर आणखी एक संकट आणले.

एकाच घराण्यातील ही दोन भावंडे! जे मिळेल त्यावर जगणारा आपल्या शेतात शिरून उपद्रवी ठरला. एका गवतावर विसंबलेला मुकाट्याने संपत चालला. पहिल्याने ज्याचे पीक नेले त्या शेतकऱ्याला वेळेवर भरपाई मिळावी, आणि दुसऱ्याला त्याचे गवत परत मिळावे. दोन्ही गोष्टी न्यायाच्याच आहेत. एकीसाठी दुसरीचा बळी देण्याचे कारण नाही.